मेलबर्नची ऑडी, सिल्व्हरस्टोनची फेरारी, नागपूरची हिरवी बस

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ४७ वा नियम नव्या गाडीच्या नोंदणीचा आहे. आरटीओत गाडी पासिंगला नेताना फॉर्म २० सोबत काय काय जोडायचे, याची यादी त्यात दिली आहे. विक्रीचा दाखला, विम्याचा दाखला, गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला, पत्त्याचा पुरावा. याच यादीत एक बाब आयात गाड्यांची आहे. गाडी परदेशातून आणली असेल तर कस्टम्सने ती सोडल्याचा दाखला हवा, आणि असल्यास परवाना व बंधपत्रही.

हा आयातीचा परवाना आता क्वचितच कुणाच्या फायलीत सापडतो. तरी नियमात तो अजून बसलेला आहे. तो ज्या काळातून आला त्या काळात शिरल्याशिवाय परदेशी गाडी आपल्याकडे कायदेशीरपणे कशी येते, हे नीट उमगत नाही. म्हणून इथे तीन वाहनांचा माग काढला आहे. तिन्ही परदेशात तयार झाली, तिन्ही महाराष्ट्रात आली, आणि प्रत्येकासाठी दार निराळ्या रीतीने उघडले गेले. आधार घेतला आहे तो कायद्यांच्या मजकुराचा, राजपत्राचा, अर्थसंकल्पाच्या भाषणांचा, जागतिक व्यापार संघटनेच्या निवाड्याचा आणि त्या त्या वेळच्या वर्तमानपत्रांचा. तिसरे वाहन नागपूरचे आहे आणि माझ्या मते तिन्हींत तेच सर्वांत महत्त्वाचे. पण सुरुवात मुंबईपासून करावी लागते, कारण दार तिथे आहे.

आयातीवर परवान्याचे बंधन आले मे १९४० मध्ये. महायुद्ध चालू होते. बोटींवरची जागा आणि परकीय चलन दोन्ही युद्धासाठी राखायचे होते, म्हणून भारत संरक्षण नियमांखाली हे नियंत्रण घातले गेले. युद्ध संपले, नियंत्रण उठले नाही. मार्च १९४७ मध्ये त्यासाठी आयात व निर्यात नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. १९५५ मध्ये आयात नियंत्रण आदेश आला. १९९२ चा परकीय व्यापार कायदा येईपर्यंत परदेशी मोटार आणू पाहणाऱ्या माणसाचे भवितव्य या दोन कागदांवर ठरत होते. शुल्क भरायची तयारी असून भागत नसे. आधी परवाना हवा, आणि खासगी माणसाला चैनीच्या वस्तूसाठी परकीय चलन खर्चू देणे हे सरकारी धोरणात बसत नव्हते.

या नियंत्रणाआधीचे चित्र अगदी वेगळे होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. सुट्या भागांच्या पेट्या बंदरात उतरत आणि शिवडीतून शेवरोले गाड्या बाहेर पडत. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे देशातच गाडी बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मात्र कुर्ल्याला फियाटच्या परवान्यावर गाड्या बनवायला घेतल्या. कुर्ल्याचा हा कारखाना लक्षात ठेवायला हवा, फेरारीच्या प्रकरणात तो पुन्हा येतो.

अशा बंद दारातून १९८५ मध्ये एक ऑडी आत आली. १० मार्च १९८५ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर भारताने पाकिस्तानला ८ गडी राखून हरवले आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट जिंकली. रवी शास्त्री यांनी त्या स्पर्धेत १८२ धावा केल्या, ८ बळी घेतले, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांना ऑडी १०० ही गाडी मिळाली. अख्खा संघ त्या गाडीवर चढून मैदानाला फेरी मारतो आहे, हे चित्रण आजही दाखवले जाते. त्या वर्षी भारतातल्या रस्त्यांवर पद्मिनी आणि अॅम्बेसेडर होत्या, आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० अजून नवलाची होती. सव्वादोन लिटरच्या आसपासचे इंजिन असलेली जर्मन सेदान आणणे ही सामान्य नागरिकाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती, पैशाने नाही आणि कायद्यानेही नाही.

राजीव गांधी यांच्या सरकारने या गाडीवरचे शुल्क माफ केले. गाडी बोटीने मुंबई बंदरात आली, ती पाहायला बंदरावर गर्दी लोटली, आणि तिला क्रमांक पडला एमएफए १. हा क्रमांकही एक दस्तऐवजच आहे. महाराष्ट्रातल्या गाड्यांवर एमएच हे राज्याचे अक्षर आले ते नवा मोटार वाहन कायदा जुलै १९८९ मध्ये लागू झाल्यानंतर. त्याआधीच्या मालिका एम या एका अक्षराने सुरू होत. एमएफए १ वाचताच कळते की ही नोंदणी जुन्या कायद्याखालची आहे, म्हणजे पूर्ण परवाना-काळातली. २०२२ मध्ये ही गाडी दुरुस्त करून, रंगवून शास्त्री यांच्या हवाली करण्यात आली, तेव्हा तिची छायाचित्रे सगळीकडे छापून आली. पाटीवरचा क्रमांक तोच होता.

ही माफी कुणाला खटकली नाही. देशासाठी खेळून, आधी जाहीर झालेले बक्षीस जिंकून आणले होते. लोकांच्या मनात त्याबद्दल किंतु नव्हता आणि माझ्याही नाही. पण कायद्याच्या अंगाने पाहिले तर घडले ते इतकेच: सरकारच्या मनात आले आणि दार उघडले. पुढच्या माणसासाठी त्यातून काहीही ठरले नाही.

दार सर्वांसाठी थोडे उघडायला १६ वर्षे लागली आणि ते उघडले जिनिव्हातून. अमेरिकेने भारताच्या आयात-निर्बंधांविरुद्ध तिथल्या जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. परकीय चलनाची टंचाई म्हणून हे निर्बंध आहेत, असे भारताचे म्हणणे होते. नाणेनिधीने भारताकडची गंगाजळी पुरेशी असल्याचे मत दिले. १९९९ मध्ये आधी पॅनेलचा आणि ऑगस्टमध्ये अपील मंडळाचा निर्णय भारताच्या विरोधात गेला. त्यानंतर दोन टप्प्यांत निर्बंध उठले. १ एप्रिल २००० रोजी ७१४ बाबींवरचे, आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ बाबींवरचे. मोटारगाड्या या दुसऱ्या टप्प्यात होत्या.

सरकारला भीती होती जपानच्या जुन्या गाड्यांची. जपानमध्ये वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, स्टिअरिंग उजवीकडे असते, आणि काही वर्षांतच गाड्या बदलण्याची तिथे रीत आहे. श्रीलंकेत अशा वापरलेल्या गाड्या मोठ्या संख्येने जात होत्या. म्हणून यशवंत सिन्हा यांनी २००१ च्या अर्थसंकल्पात जुन्या गाड्यांवरचे मूळ शुल्क १०५ टक्क्यांवर नेले. बाकीचे कर धरून एकूण बोजा १८० टक्क्यांपर्यंत जाईल असा हिशेब होता. सोबत आयात धोरणाच्या ८७ व्या प्रकरणाला टिपा जोडल्या गेल्या. त्या टिपा आजही या विषयाचा कणा आहेत. जुनी गाडी उत्पादनापासून ३ वर्षांपेक्षा जास्त जुनी नको. स्टिअरिंग उजवीकडे हवे. वेगमापक किलोमीटरचा हवा. हेडलाइटचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसा हवा. पुढची ५ वर्षे गाडी रस्त्यावर चालेल याचा दाखला हवा. आणि ती येईल फक्त मुंबई बंदरातून. नव्या गाडीसाठी वेगळ्या अटी: ती जिथे बनली त्याच देशातून यावी, आधी कुणाला विकलेली किंवा भाड्याने दिलेली नसावी, कुठल्याही देशात तिची नोंदणी झालेली नसावी.

परवाना गेला आणि त्याच्या जागी अटी आल्या. हा बदल मी मोठा मानतो. परवाना अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरतो. अट छापलेली असते, नागपुरात बसूनही ती वाचता येते, आणि आपली गाडी तिच्यात बसते की नाही हे माणूस स्वतः ताडून पाहू शकतो.

हा नवा क्रम जेमतेम वर्षभराचा झाला होता, तेव्हा फेरारी आली.

एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकर यांनी ११७ धावा केल्या आणि डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी साधली. तेंडुलकर तेव्हा फियाटच्या पालिओ गाडीची जाहिरात करत होते. ही पालिओ बनत होती कुर्ल्याच्या त्याच जुन्या प्रीमियरच्या कारखान्यात. फेरारीची बहुतांश मालकी तेव्हा फियाट समूहाकडे होती. शतकांच्या बरोबरीबद्दल फियाटने त्यांना फेरारी ३६० मोडेना भेट द्यायचे ठरवले. जुलै २००२ मध्ये भारतीय संघ इंग्लंडमध्ये होता आणि ब्रिटिश ग्रांप्रीसाठी मायकेल शूमाखरही. सिल्व्हरस्टोनला शूमाखर यांच्या हातून तेंडुलकरांना गाडीची किल्ली मिळाली.

किल्ली मिळाली तरी गाडी भारतात आणायला शुल्क भरायचे होते, आणि ते होते सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. तेंडुलकर यांनी सरकारकडे माफी मागितली आणि २००३ मध्ये ती मिळाली. इथे कायद्याचे कलम जवळून पाहायला हवे. सीमाशुल्क कायदा, १९६२ चे कलम २५. त्याच्या पहिल्या उपकलमाखाली सरकार राजपत्रात अधिसूचना काढून एखाद्या प्रकारच्या मालाला सरसकट सूट देऊ शकते. अशी सूट सर्वांना लागू असते. दुसऱ्या उपकलमात अधिकार निराळा आहे. सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास, अपवादात्मक परिस्थिती असेल तर, सरकार त्या एका प्रकरणापुरता खास आदेश काढून शुल्क माफ करू शकते, आणि ती अपवादात्मक परिस्थिती कोणती हे त्या आदेशातच लिहायचे असते. म्हणजे कायद्याने कारण सांगण्याची सक्ती केली आहे.

पण याच कायद्याचे कलम १५९ सोबत वाचले की मेख कळते. कलम २५ खालच्या अधिसूचना आणि खास आदेश संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचे, असे हे कलम सांगते. मात्र त्यातून काही आदेश वगळले आहेत. ज्यांचा माल संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा किंवा गुप्त आहे ते, आणि ज्यांचा माल वैयक्तिक स्वरूपाचा आहे तेही. तोफांच्या सुट्या भागांचा आदेश सभागृहापुढे आणू नये हे समजण्यासारखे आहे. एका व्यक्तीच्या मोटारीला मिळालेल्या माफीचा आदेश त्याच पंक्तीत का बसवावा, याचे पटेल असे कारण मला कायद्यात दिसत नाही. नागरिकांचा पैसा सोडून दिला जात असेल, तर तो कुणासाठी आणि का सोडला हे लोकांच्या प्रतिनिधींपुढे आलेच पाहिजे.

बातमी वर्तमानपत्रांतून फुटली आणि वाद पेटला. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. ऑडी आणि फेरारी यांतला फरक लोकांनी बरोबर हेरला होता. ऑडी स्पर्धेचे बक्षीस होती, फेरारी एका कंपनीने आपली जाहिरात करणाऱ्या खेळाडूला दिलेली भेट. ती भेट त्या कंपनीच्या मालाची जाहिरातही करत होती. तेव्हा तिचे शुल्क जनतेने का सोसावे? न्यायालयाने केंद्र सरकारला नोटीस काढली. त्यानंतर, त्याच वर्षी, शुल्काची रक्कम फियाटने भरली आणि प्रकरण मिटले.

तेंडुलकरांवर दोष ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. कायद्यात माफी मागायची सोय होती, त्यांनी मागितली. चूक देणाऱ्याची होती. आणि जे निष्पन्न झाले ते चांगले झाले: ज्याने भेट दिली त्याने कर भरला. एका याचिकेने आणि एका नोटिशीने जे साधले ते संसदेच्या टेबलावर आदेश ठेवण्याच्या साध्या शिस्तीने आधीच साधता आले असते. पुढे २०१२ मध्ये राजेश मापुसकर यांचा ‘फेरारी की सवारी’ हा चित्रपट आला. त्याचा नायक आरटीओतला कारकून आहे, नियमाबाहेर एक पाऊल न टाकणारा. या गाडीची खरी कहाणी कागदांचीच होती, म्हणून ही निवड मला मनापासून आवडली.

आता नागपूर. ऑगस्ट २०१४ मध्ये नागपूरच्या रस्त्यावर स्कॅनिया कंपनीची एक हिरवी बस उतरली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री आणि नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी तिचा शुभारंभ केला. इथेनॉलवर चालणारी देशातली ही पहिली बस, आणि ती स्वीडनहून आणलेली होती. स्टॉकहोममध्ये स्कॅनियाच्या इथेनॉल बस १९९० च्या सुमारापासून धावत होत्या, म्हणजे यंत्र जुने आणि तावून-सुलाखून निघालेले होते. नवीन होता तो देश.

या बसचे इंजिन पाहिल्याशिवाय कागदांची अडचण ध्यानात येत नाही. पेट्रोलमध्ये थोडे इथेनॉल मिसळणे आपल्याला आता सवयीचे झाले आहे. हे इंजिन तसे नाही. ते डिझेलच्या तत्त्वावर चालते. त्यात ठिणगी नसते, हवा दाबून दाबून इतकी तापवायची की इंधन आपोआप पेटते. इथेनॉल तसे सहज पेटत नाही. म्हणून दोन उपाय केले जातात. एक, दाबाचे प्रमाण २८ ला १ इतके चढवायचे. एरवीच्या डिझेल इंजिनापेक्षा ते बरेच जास्त आहे. दुसरा, इंधनातच पेट घ्यायला मदत करणारे रसायन घालायचे. ९५ टक्के इथेनॉल आणि ५ टक्के हे रसायन व इतर द्रव्ये, असे हे इंधन ईडी ९५ या नावाने ओळखले जाते.

मोटार वाहन नियमांत धुराची मर्यादा इंधनागणिक दिलेली असते. पेट्रोलची वेगळी, डिझेलची वेगळी, सीएनजीची वेगळी. ज्या इंधनाचे मानकच पुस्तकात नाही, त्यावर चालणाऱ्या गाडीची तपासणी करायची कशाशी ताडून? नियम १२६ सांगतो की नव्या बनावटीच्या गाडीचा नमुना ठरलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावा. या संस्थांपैकी काही आपल्याच भागात आहेत. पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरजवळ वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई. पण तपासणारी संस्था मानकाशिवाय पंगू असते. नागपूरची बस त्यामुळे प्रायोगिक म्हणूनच धावू शकत होती.

ईडी ९५ साठी उत्सर्जनाची मानके केंद्राने अधिसूचित केली ती २०१५ मध्ये. वर्षांचा हा क्रम मला फार बोलका वाटतो. आधी एक वाहन उघडपणे प्रयोगासाठी आणले. रस्त्यावर उतरवून त्याचे वागणे पाहिले. मग राजपत्रात मानक आले आणि ते कुठल्याही कंपनीला, कुठल्याही शहराला लागू झाले. ऑडीच्या माफीतून कुणासाठी काही उरले नाही, फेरारीच्या माफीतून वाद उरला, नागपूरच्या बसमागे एक नियम उरला.

बसचा पुढचा प्रवास सुखाचा झाला नाही, तेही सांगितले पाहिजे. प्रयोगानंतर नागपूर महापालिकेच्या सेवेत स्कॅनियाच्या ५५ हरित बसची योजना झाली. या बस भारतातच, कर्नाटकात कोलारजवळ नरसापूरच्या कारखान्यात तयार व्हायच्या होत्या. पण बिले थकल्याची आणि डेपोच्या सोयी न मिळाल्याची तक्रार कंपनीने केली, महापालिकेशी वाद झाला आणि २०१८ मध्ये कंपनीने ही सेवा सोडली. हिरव्या वातानुकूलित बसमधून सीताबर्डीपर्यंत गेलेल्या नागपूरकरांना ती हळहळ अजून आहे. एवढी चांगली बस शहराला टिकवता आली नाही, हे अपयश शहराचेच. मानक मात्र राहिले.

त्याच २०१८ च्या सप्टेंबरमध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियम १२६ मध्ये बदल केला. युरोपच्या किंवा जपानच्या मानकांप्रमाणे तयार झालेली वाहने, उत्पादकामागे वर्षाला २,५०० पर्यंत, भारतात पुन्हा नमुना-तपासणी न करता आणण्याची मुभा मिळाली. त्याआधी अशी सूट फक्त ४० हजार डॉलरपेक्षा महाग आणि मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना होती. म्हणजे सवलत श्रीमंताच्या गाडीलाच. नव्या नियमाने किमतीची ती अट काढून टाकली. मुभा उत्पादकाला आणि त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला आहे, एकट्यादुकट्या हौशी माणसाला नाही. तरीही परदेशी बाजारातले एखादे खास मॉडेल थोड्या संख्येने आणून पाहण्याचा रस्ता कंपन्यांना त्यातून मोकळा झाला.

नागपूरच्याच मेट्रोचे डबे चीनमधल्या डालियनहून चेन्नई बंदरमार्गे आले, हे इथे कुणाला आठवेल. पण त्यांचा कायदा वेगळा. रुळांवरची वाहने ८६ व्या प्रकरणात येतात, आरटीओशी त्यांचा संबंध नाही, त्यांना हिरवा कंदील मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त दाखवतात. तसेच परदेशी पाटीची एखादी प्रवासी गाडी नागपूरच्या झिरो माइलवरून जाताना दिसते तीही या हिशेबात धरायची नाही. ती कार्ने नावाच्या कागदावर आलेली असते. ठरलेल्या मुदतीत गाडी देशाबाहेर परत नेण्याची ती हमी असते. १९५४ च्या आंतरराष्ट्रीय करारातून ही व्यवस्था आली आहे, आणि १९७६ पासूनच्या भारतीय अधिसूचनेने त्यासाठी साधारण ६ महिन्यांची मुदत दिली आहे.

आजचा हिशेब काय पडतो? २०२५ च्या अर्थसंकल्पात आयात गाड्यांवरचे मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणल्याची बातमी मोठ्या अक्षरांत आली. कागद पुढे वाचला तर सोबत कृषी पायाभूत सुविधा उपकर दिसतो. ४० हजार डॉलरपेक्षा महाग नव्या गाडीला ७० अधिक ४०, म्हणजे ११० टक्के. आधी १०० टक्के शुल्क आणि त्यावर १० टक्के सामाजिक कल्याण अधिभार मिळून ११० टक्केच होत होते. जुन्या गाडीला ७० अधिक ६७.५, म्हणजे १३७.५ टक्के, तेही पूर्वी इतकेच. नाव बदलले, रक्कम तीच राहिली. आता १ कोटी रुपयांची नवी मोठी गाडी बंदरात उतरली असे धरा. ११० टक्के मिळवून झाले २ कोटी १० लाख. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे, तो या सगळ्या रकमेवर लागतो: ८४ लाख. एकूण २ कोटी ९४ लाख. त्यानंतर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर. आयात गाडीला तो २० टक्के आहे, पण त्याला कमाल मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती २० लाखांवरून ३० लाखांवर नेली. म्हणजे आणखी ३० लाख. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येपुरते गाड्यांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवण्याचे कबूल केले आहे. तेवढ्या गाड्यांपुरते हे गणित बदलेल.

विदर्भातल्या कितीतरी घरांतली मुले अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आखातात आहेत. परतताना तिकडची गाडी सोबत आणता येईल का, हा प्रश्न दर दिवाळीत कुणीतरी काढतोच. सलग दोन वर्षे परदेशात राहून कायमचे परतणाऱ्या माणसाला गाडी आणण्याची तरतूद धोरणात आहे. गाडी किमान वर्षभर त्याच्या ताब्यात असावी लागते. शुल्क पूर्ण भरावे लागते. अमेरिकेतली आणि आखातातली गाडी डाव्या स्टिअरिंगची असते, त्यामुळे तिचा विचार सोडलेला बरा. उरते इंग्लंडमधली. तिचा वेगमापकही मैलांत असतो. एवढे सगळे जुळवून ती इथे आणली तरी नागपुरात तिच्या सुट्या भागांसाठी दुकान शोधत फिरावे लागते.

मोठा धोका मात्र आणणाऱ्याला नाही, इथेच आयती विकत घेणाऱ्याला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने छापे घातले. भूतानमध्ये लिलावात निघालेल्या गाड्या सीमेपलीकडून आणून, बनावट कागदांवर इथल्या आरटीओंत त्यांची नोंदणी करून विकल्या गेल्याचा संशय त्यामागे होता. अशा गाडीचे आरसी बुक खरे असते, त्यामागचा कागद खोटा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका पोर्शे करेराच्या प्रकरणात खरेदीदाराला दिलासा दिला आहे. पुढचा खरेदीदार म्हणजे आयातदार नव्हे, म्हणून बुडवलेले शुल्क त्याच्याकडून वसूल करता येणार नाही, असा तो निकाल आहे. पण शुल्काची मागणी वेगळी आणि गाडीची जप्ती वेगळी. बेकायदा आणलेला माल कलम १११ खाली जप्त होऊ शकतो.

म्हणून जुनी आयात गाडी घेणाऱ्या वाचकाला एवढेच सांगणे आहे. आरसी बुकावर थांबू नका. विक्रेत्याकडे मूळ बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरलेला कागद, मागा. त्यावरचे बंदर, तारीख, आयातदाराचे नाव आणि भरलेले शुल्क वाचा. जुनी म्हणून आणलेली गाडी असेल आणि बंदर मुंबईखेरीज दुसरे दिसले, तर तिथेच व्यवहार थांबवा. उत्पादनाचे वर्ष आणि आयातीची तारीख यांत तीन वर्षांहून जास्त अंतर आहे का ते मोजा. मग गाडीखाली वाकून चेसिसवर कोरलेल्या क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घ्या, जसा आरटीओतला निरीक्षक घेतो, आणि तो बिल ऑफ एन्ट्रीवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जुळला नाही, तर गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका.